मुळशीच्या गुप्त पथकाच्या सुऱ्या

५ ऑक्टोबर, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांनी वेळच्या वेळी लिहून ठेवलं नाही की मागाहून लोक वाट्टेल ते छापतात. माझ्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही.

मुळशीत येऊन वर्ष होत आलं. चंद्राबाईंच्या घराची वरची खोली, खिडकीतून धरणाचं पाणी, रेंज असेल तेव्हा नोकरी. पुण्यात आईला सांगताना 'मनःशांती' हा शब्द वापरला होता. खरं कारण लग्नं. म्हणजे दुसऱ्यांची. सदतिसाव्या वर्षी कुठल्याही कार्यालयात पाऊल टाकलं की मावश्या-काकवा नवरदेवाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघतात. काय निषाद, तुझं कधी? म्हणून गेली कित्येक वर्षं लग्नाला जाणं बंद. त्याआधीही थेट पंगतीला जायचो. जिलबी खाताना कोणी फार चौकशा करत नाही.

आज सुरी मिळाली. चंद्राबाईंचे चुलत दीर हैबतराव, शेजारच्या घरात राहतात. पत्र्याच्या पेटीतून त्यांनी ती सहज काढली आणि मी ती दोन्ही हातांनी घेतली. हातभर लांब, हाताने घडवलेली, पात्यावर घणाचे ठोके स्पष्ट. चामड्याचं लाल म्यान, कडेला जरीची तार, वर टिकल्या, तळाला गोंडा. असं म्यान मी इंटरनेटवरसुद्धा पाहिलेलं नाही. हैबतराव द्यायला तयार नव्हते. म्हणाले, भावकीची हाय, माझ्या एकट्याची न्हाई. मी त्यांना माझ्या खोलीत घेऊन आलो, तेव्हा त्यांची नजर माझ्या फिरत्या खुर्चीवर गेली. एकदा बसून पाहिलं आणि म्हणाले, तुमी आमच्याच घरात ऱ्हाता, म्हंजी सुरी घरातच ऱ्हायली की.

खुर्ची गेली. आता ते ओट्यावर गोल गोल फिरत बसलेत. कोण फसलं ते त्यांना कळायला वेळ लागेल.

संकल्प: हाताने घडवलेल्या जुन्या सुऱ्यांचा संग्रह. फक्त चामड्याच्या म्यानासकट. आणि रोज सकाळी चालायला जाणे.

८ ऑक्टोबर

चालायला गेलो नाही. संशोधन.

सुरीचं फक्त टोक खाल्लेलं आहे. बाकी पातं ठणठणीत. म्यानावर पिवळे डाग, तेही तोंडाशी जास्त. याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळेल. टोक विषात बुडवत असत. पिवळा रंग विषाचा.

प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून ऑफिसचे कॉल केले. पाठ गेली. मॅनेजरने विचारलं, व्हिडिओत तू अर्धाच का दिसतोस? नेटवर्क म्हटलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

डोंगरावरच्या वाडीत बुधाकडे गेलो. बुधा जंगलातला हिरडा आणि मध विकायला खाली येतो तेव्हा ओळख झाली. त्याच्याकडे दुसरी सुरी सापडली. वीतभर. म्यान जाड काळ्या चामड्याचं, दोन्ही कडांना पितळी कडी बसवलेली भोकं, ओळीने. बुधा म्हणाला बुटाची जीभ हाय. मी म्हटलं बुटाच्या जिभेला भोकं नसतात. तो म्हणाला, मंग बुटाची बाजू आसंल. माहिती लपवण्याची ही पद्धत माझ्या लक्षात आली आहे.

सुरी कशासाठी वापरता असं विचारल्यावर त्याची बायको गोजराबाई म्हणाली, लेकरू झालं की उशाखाली ठेवायाची, वाईट काय जवळ येत न्हाई. म्हणजे जन्मल्या दिवसापासून शस्त्रसज्ज. वहीत दोनदा अधोरेखित केलं.

बदल्यात माझी योगा मॅट दिली. योगा तसाही दोनदाच केला होता. उतरताना पाहिलं तर मॅटवर वासरू बसलं होतं.

या सुरीचं टोक खाल्लेलं नाही. अर्थात. बालविभागाला विष देत नसणार.

१६ ऑक्टोबर

आज प्राजक्ता भेटली. लवळ्यात कॉलेजच्या गेटबाहेर कँटीन आहे, तिथे नेट चांगलं मिळतं म्हणून गुरुवारी जातो. टेबलावर सुरी ठेवून फोटो काढत होतो. पोरं लांब सरकली. ती जवळ आली. तिथे इतिहास शिकवते. म्यान उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, शिवण फार सुरेख आहे, आतून घातलीये. मुठीबद्दल सगळे बोलतात. शिवणीबद्दल आजवर कोणी बोललं नव्हतं. तिच्या बोलण्यात एक प्रकारचा ठेहराव आहे. गळ्यात मंगळसूत्र नाही. दोन्ही गोष्टी मी सारख्याच तटस्थपणे नोंदवतो आहे.

तिला माझा नंबर दिला. तिने मागितला नव्हता, पण माणसाने तत्पर असावं.

इंद्रजित नावाचा कोणी तिला बाईकवर न्यायला आला. चुलत भाऊ असावा.

संकल्प बदलला आहे. संग्रह पूर्ण करणे, निष्कर्ष मांडणे, आणि मग प्राजक्ताला विचारणे. याच क्रमाने. नुसता सॉफ्टवेअरवाला म्हणून विचारलं तर त्यात काय विशेष. संशोधक म्हणून विचारलं तर गोष्ट वेगळी.

१९ ऑक्टोबर, रविवार

मोठा दिवस. उरवड्याला गंगूबाई नावाच्या आजींच्या घरी तिसरी सुरी मिळाली. म्यान हिरवं, चामड्यावर छोटे छोटे आरसे टाचलेले, आणि उघडायला चेन. चेन! त्या काळी चेन होती हे आपल्याला शाळेत का शिकवलं नाही?

खाल्लेलं टोक: आहे. पिवळे डाग: आहेत. म्यान उलटं करून झटकलं तर आतून तांदळाचे दाणे पडले. लालसर-पिवळे. म्हणजे मोहिमेवर निघालेल्या माणसाचा शिधा. किंवा शत्रूला घालायचा विषारी भात. दोन्ही शक्यता खुल्या ठेवल्या आहेत.

गंगूबाईंना विचारलं, ही सुरी आजवर कोणी कोणी वापरली? त्या म्हणाल्या, आमच्यातल्या चार गड्यांनी धरली, चारीजणं तवापास्नं गप हायेत. घरातल्या सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पुरुष खरोखरच काही बोलले नाहीत. गुप्ततेची शपथ इतक्या पिढ्या टिकली आहे.

आता चित्र स्पष्ट आहे. मावळात एक गुप्त पथक होतं. विषारी सुरी, दर्जाप्रमाणे सजवलेलं म्यान, मौनाची शपथ. नाव मीच दिलं: मुळशी पथक.

एअर फ्रायर दिला. गंगूबाईंनी त्यात लसूण ठेवलाय.

२० ऑक्टोबर

तांदळाचे फोटो प्राजक्ताला पाठवले. तिने हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे पाठवले. सहा. आनंदाश्रू. मग लिहिलं, तुमच्या घरमालकिणीला विचारलंत का? मी उत्तर दिलं, स्थानिकांना आपल्या वारशाची जाण नसते. यावर तिने फक्त अंगठा पाठवला.

८ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न झालं आणि गावाला वेड लागलं. दर दोन दिवसांनी खिडकीखालून वरात. डीजेने माझ्या भिंतीवरच्या सुऱ्या थरथरतात. संशोधनाला शांतता लागते हे यांना कोण सांगणार. पडदे ओढून, खिडक्या लावून, कानात हेडफोन घालून लिहीत बसलो. एकदाही बाहेर पाहिलं नाही. निग्रह.

चालायला जाणं वरातींमुळे बंद.

९ नोव्हेंबर, रविवार

प्राजक्ता संग्रह बघायला आली. इंद्रजितने सोडलं आणि तो धरणावर फिरायला गेला. समजूतदार भाऊ.

बसायला द्यायला काही नव्हतं. तिला स्टूल दिलं, मी बादली पालथी घातली. तिने म्यानं खूप वेळ पाहिली. चामडं कुठे दुमडलंय, दोरा मेणातून ओढलाय, सगळं बोटाने दाखवलं. मग विचारलं, तुम्ही इकडे एखाद्या लग्नाला गेलायत का हो? मी म्हटलं, मी लग्नांना जात नाही. आणि लगेच म्हटलं, स्वतःचं लग्न अपवाद. ती हसली. वातावरण तयार होत आहे.

तिच्या कॉलेजच्या मुलांसमोर बोलाल का म्हणाली. बावीस तारखेला. फक्त म्यानांबद्दल बोला, कसब, शिवण, चामडं, तेवढंच. तर्क नकोत. दोनदा म्हणाली. मला जपते आहे.

१३ नोव्हेंबर

राजूचं लग्न ठरलं. राजू चंद्राबाईंचा मुलगा, रिसॉर्टवर बोट चालवतो. चांगला आहे. मुलगी रेश्मा, पौडची. चार वर्षं स्थळं बघत होते, दरवेळी जमीन किती, पुण्यात फ्लॅट आहे का, म्हणून मोडायचं. चंद्राबाई सांगताना रडल्या आणि लगेच पेढा कोंबला. मलाही बरं वाटलं. लग्न तेवीसला, घरापुढेच मांडव. मी जाणार नाही, पण बरं वाटलं.

मग म्हणाल्या, भाऊ, ती लाल म्यानाची सुरी लग्नाला लागंल. मी नम्रपणे विचारलं, तुमच्याकडे भाजी चिरायला दुसरी नाही का? त्या म्हणाल्या, भाजी न्हवं ओ. मी त्यांना थांबवलं आणि वारसा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तापमान, आर्द्रता, हाताचा घाम. त्या ऐकत उभ्या राहिल्या. शेवटी म्हणाल्या, तुमचं झालं की सांगा.

संध्याकाळी मॉलमधून स्टीलच्या सुऱ्यांचा सेट आणून दिला. मोठं मन लागतं.

१८ नोव्हेंबर

भाषणाची तयारी. म्यानांवर तीन स्लाईड, पथकावर एकोणतीस. प्राजक्ता म्हणाली होती तर्क नकोत. पण हे तर्क नाहीत, पुरावे आहेत.

चंद्राबाईंनी पुन्हा सुरी मागितली. दुरूनच नाही म्हटलं. सेट वापरून बघा म्हटलं. मागे हैबतराव खुर्चीत फिरत होते, ते फिरायचे थांबले.

ठरलं. भाषण संपल्यावर कँटीनमध्ये प्राजक्ताला विचारायचं. वाक्य तयार आहे: आपण दोघांनी मिळून पुढचं संशोधन करावं असं मला वाटतं. आरशासमोर म्हटलं. चांगलं वाटतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

जे झालं ते क्रमाने लिहितो. भावनेच्या भरात नाही.

सकाळी चंद्राबाईंना जिन्यातूनच भाषणाचं सांगून तिन्ही सुऱ्या घेऊन लवळ्याला गेलो. वर्ग भरलेला. प्राजक्ता पहिल्या बाकावर, जांभळ्या साडीत. इंद्रजितही आला होता, बहिणीचं कौतुक. टेबलावर पांढरं कापड, त्यावर सुऱ्या, मध्ये लाल म्यानाची. तीन स्लाईड उत्तम गेल्या. प्राजक्ता मान डोलावत होती. तिथेच थांबायला हवं होतं असं आता म्हणणं सोपं आहे.

'विष' या स्लाईडला मागच्या बाकांवर खसखस सुरू झाली. 'गुप्त पथकाचा शिधा' ला पोरांनी एकमेकांच्या पाठीवर मारलं. प्राजक्ताने कपाळाला हात लावला. विषयाची भीषणता पोहोचते आहे असं मला वाटलं.

तेवढ्यात खाली टेम्पो थांबला. जिन्यात बांगड्या वाजल्या आणि चंद्राबाई आत आल्या. मागे पाच-सहा बायका, सगळ्यांच्या गालाला हळद. वर्ग उभाच राहिला. त्या सरळ टेबलाशी आल्या. म्हणाल्या, भाऊ, तुमी बोला, आमी हितं न्हाईच आसं समजून बोला. पोरगं हळदीला बसलंय आन हातात काय न्हाई. किल्ली लावून खोली बघितली तर भिंत मोकळी. हळद लागल्याली, त्याला वेस वलांडून येता येत न्हाई, म्हणून आमी आलो.

सुरी म्यानातून काढली. टोक पदराने पुसलं. कमरेच्या पिशवीतून लिंबू काढलं आणि टोकाला खोचलं. हळदीची बोटं म्यानाला पुसली, तोंडाशी, बरोबर जिथे डाग होते तिथेच.

मग जे हसू फुटलं ते खालच्या मजल्यावरचे लोक वर येईपर्यंत थांबलं नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या. एक बाई मला समजावून सांगू लागल्या, भाऊ, नवरदेवाच्या हातातली सुरी हाय ती, हळदीपासून अक्षता पडेस्तवर सोडायाची नसती, भूतबाधा लागू नये म्हणून लिंबू. आमच्या भावकीतल्या सगळ्या नवऱ्यांनी हीच धरली, हैबतरावांनीपण. चंद्राबाईंनी जाता जाता अख्ख्या वर्गाला उद्याच्या लग्नाचं निमंत्रण दिलं.

प्राजक्ता पदरात तोंड खुपसून हसत होती. मग जवळ आली आणि म्हणाली, म्यानांचा भाग खरंच छान झाला. डोळे पुसत म्हणाली.

कँटीनमध्ये विचारायचं राहिलं. तिथे बसायला जागा नव्हती. सगळे तीच गोष्ट एकमेकांना सांगत होते.

२३ नोव्हेंबर, रविवार

लग्नाला गेलो. हळदीनंतर घरातल्या घरात तोंड लपवायला जागा नव्हती, आणि मांडव माझ्याच जिन्यासमोर. चंद्राबाईंनी स्वतः फेटा बांधला. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, तुमच्यामुळं पोरांना किती मजा आली, आसं लगीन गावात झालं न्हाई.

प्रत्यक्ष निरीक्षण. राजूने सुरी हातातून सोडली नाही. घोड्यावर, देवळात, फोटोत, सगळीकडे. लिंबाचा रस पात्यावरून ओघळत होता. मला बघवेना. टोकाला आधी प्लॅस्टिक गुंडाळावं आणि मग लिंबू, असा प्रस्ताव मांडला. हैबतरावांनी खुर्चीतूनच नाही म्हटलं. खुर्ची मांडवात आणली होती. आणि अक्षता पडल्यावर राजूने मूठभर म्यानात टाकल्या, भावकीत सगळेच टाकतात म्हणे, पुढच्याला लाभतं.

तर दुरुस्ती: पिवळा रंग, हळद. तांदूळ, अक्षता. टोक, लिंबू. बाकी माझा सिद्धांत शाबूत आहे.

राजू रडला. रेश्माने त्याला रुमाल दिला, तोही त्याने सुरीच्याच हाताने घेतला आणि सगळे ओरडले. मीही ओरडलो. इतकी वर्षं मी नेमकं काय चुकवत होतो कोण जाणे.

प्राजक्ता आली होती. पंगतीत शेजारी बसली. इंद्रजित तिच्या पलीकडे. मी विचारणार होतो, इतक्यात वाढप्याने मठ्ठा आणला. तीन मावश्यांनी मला विचारलं, तुमचं कधी? पहिल्यांदाच उत्तर दिलं: लवकरच.

३० नोव्हेंबर, रविवार

नवं पर्व. लाल म्यानाची सुरी भावकीकडे परत गेली, खुर्ची आली नाही. बुधाच्या सुनेला मुलगा झाला, म्हणून बुधा उशाखालची सुरी घेऊन गेला. म्हणाला मॅट देतो परत, वासरू उठंल तवा. माझ्याकडे गंगूबाईंची हिरवी आरशांची राहिली आहे. एकाच सुरीचा संग्रह हाही संग्रहच असतो, उलट नजर एका ठिकाणी राहते.

चंद्राबाईंनी गावभर सांगितलं, वरच्या भाऊंकडं नवरदेवाची सुरी हाय, कुणाला लागली तर मागा. गंगूबाईंनाही विचारून घेतलं, त्या म्हणाल्या न्या की, लसणीची टोपली मिळालीय मला. आता रोज कोणीतरी येतं. मी हळद कशी पुसायची, म्यान उन्हात का ठेवायचं नाही, चेन कुठे अडते, सगळं सांगतो. लोक ऐकतात. अधिकार लागतो त्याला.

आत्ताच प्राजक्ताचा मेसेज: पुढच्या रविवारी येते. एक मागायचंय. नाही म्हणू नका.

नाही कशाला म्हणेन! खोली झाडली. खिडक्या उघडल्या. दोन खुर्च्या विकत आणल्या. आईला फोन करून सांगितलं, कदाचित एक बातमी देईन. आईने कुठली ते विचारलं नाही. नुसतं म्हणाली, निळा शर्ट घाल.

७ डिसेंबर, रविवार

निळा शर्ट घातला होता.

प्राजक्ता एकटी आली. खुर्चीत बसली, चंद्राबाईंनी वर पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू खाल्ले, आणि म्हणाली, हिरवी सुरी फेब्रुवारीत द्याल का? मी म्हटलं, जरूर, कोणाचं लग्न? ती म्हणाली, माझंच की. इंद्रजितच्या घरी सुरी नाही, आणि ह्या म्यानावर माझा पहिल्या दिवसापासून डोळा आहे.

मी म्हटलं, वा. दोनदा म्हटलं.

मग ती म्हणाली, इंद्रजित तुमच्याच अंगकाठीचा आहे, जरा उभे राहून धराल का, हातात कशी दिसते बघू. तिने पर्समधून लिंबू काढलं. तयारीनेच आली होती. मी खिडकीशी उभा राहिलो. तिने टोकाला लिंबू खोचलं, माझी कॉलर सरळ केली, खांदे मागे घ्या म्हणाली, हसा म्हणाली. हसलो. तिने फोटो काढून त्याला पाठवला. लगेच उत्तर आलं: मस्त, हीच घेऊ.

निघताना मला हळदीचंही निमंत्रण दिलं. म्हणाली, नुसते जेवायला येऊ नका, आधीपासून या. येतो म्हटलं. चेन अडते तिथे मेण लावायचं, तेही सांगितलं.

फोटो तिने मलाही पाठवला आहे. चांगला आलाय. आईला पाठवणार नाही.